बारा सेकंदांची डिट्टो कॉपी

ऐन प्रेझेंटेशनच्या दिवशी लॅपटॉप हँग झाला की काय होतं, हे तुम्हा-आम्हाला वेगळं सांगायला नको. आता बॉसच्या जागी हजारोंची गर्दी इमॅजिन करा. सूत्रसंचालनाला जॉन ट्रॅव्होल्टा. राष्ट्राध्यक्ष बुश सकाळीच भाषण करून गेलेले. वरून धो धो पाऊस!

स्थळ अमेरिकेतलं किल डेव्हिल हिल्स, तारीख 17 डिसेंबर 2003. राइट बंधूंच्या पहिल्या उड्डाणाला बरोब्बर शंभर वर्षं झाली होती आणि त्याच जागी त्याच विमानाची हुबेहूब प्रतिकृती उडवायची होती.

ती बनवली होती केन हाइड या माजी एअरलाइन पायलटच्या टीमने. मोठा वैताग म्हणजे राइट बंधूंनी पूर्ण आराखडे मागे ठेवलेच नव्हते. मूळ विमान चौथ्या उड्डाणानंतर वाऱ्याने उलटून मोडलं. पुढे त्याची दुरुस्ती झाली, कापडही बदललं. मग जुने फोटो, पत्रं आणि उरलेले तुकडे यांवरून शोध सुरू झाला. तेव्हाच्यासारखी मलमल नव्याने विणून घेतली. हाताने कोरलेले लाकडी प्रोपेलर पुन्हा बनवून विंड टनेलमध्ये तपासले, तर त्यांची कार्यक्षमता 75 टक्क्यांच्या वर निघाली. सायकलवाल्या दोन भावांनी 1903 मध्ये केलेलं हे काम! सही ना?

गंमत पुढे आहे. पहिलं उड्डाण 12 सेकंदांत 120 फुटांचं, म्हणजे जमिनीवरून पाहिलं तर ताशी अकरा किलोमीटर. जॉगिंग करणारा माणूसही सोबत पळाला असता. मग विमान उचललं कसं? समोरून ताशी चाळीसेक किलोमीटरचा वारा येत होता म्हणून. पंखांना फक्त त्यांच्यावरून वाहणारी हवा कळते. विमान पळतंय की वारा, त्याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. 12 हॉर्सपॉवरच्या इंजिनाला वाऱ्याची ही उधारी लागायचीच. 1904 मध्ये राइट बंधू घराजवळच्या कमी वाऱ्याच्या कुरणात उडायला लागले, तेव्हा त्यांनाही वजन खाली पाडून विमान पुढे खेचणारी यंत्रणा उभी करावी लागली.

शताब्दीच्या दिवशी पाऊस थांबला आणि वाराही पडला. पायलट केव्हिन कोचर्सबर्गर खालच्या पंखावर पालथा झोपला, विमान रुळावरून धावलं, नाक जरा वर झालं आणि धप्पकन चिखलात. काही आठवड्यांपूर्वी सरावात हेच विमान शंभरेक फूट उडालं होतं, बरं का!

आता तुम्ही म्हणाल, एखादं दणकट मॉडर्न इंजिन बसवायचं की! तसंही करतात. इंग्लंडमध्ये ओल्ड वॉर्डनच्या शटलवर्थ कलेक्शनचं ‘ब्रिस्टल बॉक्सकाइट’ 1910 च्या विमानाची प्रतिकृती आहे. ते एका सिनेमासाठी बनवलं आणि त्याला इंजिन नव्या जमान्याचं आहे. शांत संध्याकाळी ते मस्त तरंगतं, लोक खूश होतात. शो हवा असेल तर बेस्ट.

पण राइट बंधूंना नेमकं काय झेपत होतं, हे त्यातून कसं कळणार? म्हणून माझं मत हाइड यांच्या बाजूने. त्यांच्या विमानाने हट्टाने 1903 चेच नियम पाळले. वारा नाही, तर उड्डाण नाही. दुपारी पुन्हा वाऱ्याची वाट पाहिली. तो आलाच नाही, आणि दुसरा प्रयत्न रद्द झाला.