परदेशीं सेवेस जाणाऱ्या स्वयंसेवकाची पूर्वतयारी

शेतकीची पदवी घेऊन बाहेर पडलेले तरुण अलीकडे एक प्रश्न वरचेवर विचारूं लागले आहेत. आफ्रिकेंत किंवा आग्नेय आशियांत तेथील शेतकऱ्यांच्या साहाय्यास स्वयंसेवक म्हणून जावयाचें असल्यास काय करावें? हा प्रश्न ऐकून आम्हांस आनंद होतो. ज्या देशाच्या खेड्यांनीं एके काळीं परदेशचे तज्ज्ञ आणि स्वयंसेवक उतरवून घेतले, त्याच खेड्यांतील मुलें आज दुसऱ्याच्या बांधावर मदतीस जाऊं इच्छितात, ही गोष्ट लहान नव्हे. परंतु पुढील चौकशी ऐकली म्हणजे हा आनंद कांहींसा ओसरतो. परवाना कसा मिळतो, निर्वाहभत्ता किती, राहण्याची सोय कशी, परत आल्यावर नोकरीस उपयोग होतो कीं नाहीं, हें सर्व विचारलें जातें. जाण्यापूर्वीं आपण काय शिकलें पाहिजे, हें मात्र क्वचितच कोणी विचारतो. पदवी आहे, उत्साह आहे, आणखी काय हवें, असा एकंदर समज दिसतो. हा समज धोक्याचा आहे, आणि तो धोका जाणाऱ्यापेक्षां ज्याच्या शेतावर तो जाणार त्यास अधिक आहे, हें दाखविण्यासाठीं आजचा लेख आम्हीं योजिला आहे.

शेतकऱ्यास दिलेला सल्ला चुकला तर काय होतें, याचा विचार आधीं करावा. स्वयंसेवकाची मुदत बहुधा दोन वर्षांची असते आणि त्याचा भत्ता पिकावर अवलंबून नसतो. बीं उगवलें नाहीं, पेरणी आठ दिवस पुढें गेली, खत नको त्या वेळीं पडलें, तर तो आपल्या टिपणवहींत एक ओळ लिहितो. शेतकऱ्याचें मात्र वर्ष जातें. कणगी रिकामी होते, दावणीचें जनावर विकावें लागतें, सावकाराची पायरी चढावी लागते. त्याहून वाईट गोष्ट ही कीं, नव्या पद्धतीवरचा गांवचाच विश्वास उडतो, आणि पुढें खरा जाणता मनुष्य आला तरी त्यास कोणी दारांत उभें करीत नाहीं. चूक एकाची आणि दंड दुसऱ्यास, अशी ही स्थिति आहे. म्हणून पूर्वतयारी ही स्वयंसेवकाच्या सोयीची बाब आम्ही मानीत नाहीं. ज्याच्या अंगणांत तो उतरणार त्याचें तें ऋण आहे, आणि तें निघण्यापूर्वींच फेडावयाचें असतें.

या ऋणाचा विचार ज्या देशांनीं पद्धतशीर केला त्यांत जपानची गणना केली पाहिजे. तेथील सरकारनें १९६५ सालीं परदेशीं सहकार्यासाठीं तरुण स्वयंसेवकांचें एक दल उभारलें, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत त्याची पहिली तुकडी लाओस देशास गेली. तेव्हांपासून चाळीस हजारांहून अधिक स्त्रीपुरुष या दलांतून निरनिराळ्या देशांत जाऊन आले. भातशेती, भाजीपाला, पशुपालन, ग्रामसुधारणा, शाळा, आरोग्य अशीं त्यांच्या कामाचीं अनेक अंगें आहेत. २०१६ सालीं या दलास रॅमन मॅगसेसे पारितोषिक मिळालें. स्वयंसेवक सामान्यतः दोन वर्षें राहतो व त्यास पगार नसून निर्वाहापुरता भत्ता असतो.

आमच्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाचें आहे तें त्यांचें निवासी शिक्षण. त्यासाठीं नागानो प्रांतांत कोमागाने येथें १९७९ सालीं व फुकुशिमा प्रांतांत निहोनमात्सु येथें १९९४ सालीं केंद्रें स्थापन झालीं. पहिलें केंद्र दोन उंच पर्वतरांगांमधील खोऱ्यांत आहे, तर दुसरें आदातारा पर्वताच्या पायथ्याशीं. शहराच्या गजबजाटापासून दूर, सुमारें दोन-अडीच महिने, निरनिराळ्या धंद्यांतून आलेली माणसें तेथें एकत्र राहतात. पहाटे उठणें, व्यायाम, ठरल्या वेळीं भोजन, आणि दिवसाचा मोठा भाग लहान लहान गटांत बसून ज्या देशास जावयाचें त्या देशाच्या भाषेचा अभ्यास, असा त्यांचा क्रम असतो. त्याच्या जोडीस आरोग्य, सुरक्षितता, त्या त्या देशाच्या चालीरीती व सहकार्याचीं तत्त्वें यांवर पाठ होतात.

भाषा घरीं बसून शिकतां येईल आणि व्याख्यानें कोठेंही ऐकतां येतील, मग एवढा मुक्काम कशाला, असें कोणी म्हणेल. याचें उत्तर आमच्या वाचकांस त्यांच्या वाफ्यांतच सांपडेल. 'जपानी भातशेती' हे शब्द कोंकण-मावळांतील वडीलधाऱ्यांच्या कानांत अजून असतील. १९५३ सालीं भारत सरकारनें या पद्धतीच्या प्रसाराची मोहीम काढिली होती. मिठाच्या पाण्यांत टाकून बीं निवडावें, गादीवाफ्यावर विरळ पेरावें, रोपें ओळींत लावावीं, ओळींमधून कोळपणी करावी, खत भरपूर द्यावें, असा तिचा उपदेश होता. ज्यांनीं तसा वाफा केला त्यांस ठाऊक आहे कीं, रोपाचें निम्में नशीब वाफ्यांतच ठरतें. दाट पेरलेलें व पाण्यांत लाडावलेलें रोप लांब वाढतें, हिरवेंगार दिसतें, आणि खाचरांत नेलें कीं मान टाकतें. मनुष्याचेंही तसेंच आहे. आपल्या घरीं, आपल्या भाषेंत, आपल्या मानमरातबांत वावरणारा पदवीधर कितीही शहाणा असो, परक्या मातींत पाय ठेवतांच तो गोंधळतो. निवासी शिक्षणांत त्याचा हा गोंधळ आधींच होऊन जातो. पंचविशी उलटलेला मनुष्य 'पाणी', 'काल', 'किती' हे शब्द लहान मुलाप्रमाणें अडखळत उच्चारतो, चुकतो, शेजारी हंसतात, आणि तोही हंसावयास शिकतो. अज्ञानी ठरण्याची ही सवय त्यास पुढें उपयोगीं पडते, कारण परक्या गांवांत पहिले सहा महिने तो अज्ञानीच असणार. दोन घास कमी पडले, शेजाऱ्याचें घोरणें ऐकावें लागलें, न आवडणाऱ्या माणसाबरोबर काम वांटून घ्यावें लागलें, हेंही त्या शिक्षणाचेंच अंग आम्ही समजतों.

परंतु वाफ्याची मर्यादाही ओळखली पाहिजे. ज्या मातींत रोप लावावयाचें ती माती वाफ्यांत नसते. या मर्यादेचा अनुभव अमेरिकेस आला, आणि तो आपल्या देशाशीं निगडित असल्यामुळें येथें सांगणें अवश्य आहे. अध्यक्ष केनेडी यांनीं १ मार्च १९६१ रोजीं 'पीस कोअर' ही संस्था स्थापिली. तिचे स्वयंसेवक त्याच वर्षाच्या अखेरीस पंजाबांत आले, आणि १९७६ पर्यंत भारतांत तिचें काम चाललें. पुष्कळांस कोंबडीपालनाचें काम दिलें होतें. त्यांत कलाशाखेचे पदवीधर बरेच होते व घरच्या शेतीचा अनुभव अनेकांस नव्हता. सुरुवातीच्या वर्षांत त्यांचें शिक्षण मुख्यतः अमेरिकेंतच, विद्यापीठांच्या आवारांत, दोन-तीन महिने होई. कोंबडीचे रोग आणि खुराड्याचीं मापें तेथें शिकवितां येतात. परंतु आपल्याकडे परसांतल्या कोंबड्या बहुधा घरधनिणीच्या असतात, अंड्याचे पैसे तिच्या गांठीस जातात, शेजारच्या घरांत अंडें शिवतही नाहींत, आणि विकत आणलेला खुराक परवडेल कीं नाहीं हें बाजारच्या दिवशींच कळतें, या गोष्टी परदेशांतील फळ्यावर लिहून समजत नाहींत. पुढें त्या संस्थेनें आपलें शिक्षण बव्हंशीं ज्या देशांत काम करावयाचें तेथेंच नेलें. आतां नवा स्वयंसेवक सामान्यतः सुमारें तीन महिने तेथील कुटुंबांत राहून भाषा व काम शिकतो, आणि मगच कामावर रुजू होतो. आमच्या मतें हा बदल अत्यंत योग्य होय.

याचा अर्थ पूर्वीचे सर्व स्वयंसेवक निरुपयोगी ठरले असा नव्हे. पुढें अमेरिकेचे अध्यक्ष झालेले जिमी कार्टर यांच्या मातोश्री लिलियन कार्टर वयाच्या अडुसष्टाव्या वर्षीं, तीन महिन्यांचें शिक्षण घेऊन, आपल्या मुंबईजवळच्या विक्रोळीस आल्या व सुमारें एकवीस महिने त्यांनीं रुग्णांची शुश्रूषा केली. त्या मूळच्या परिचारिका होत्या. हातांत कसब असलें व मन नमतें असलें म्हणजे थोडें शिक्षणही पुष्कळ फळ देतें, हा त्यांच्या उदाहरणाचा बोध आहे. कसबच नसेल तर मात्र तीन महिन्यांत तें येणार नाहीं.

यावर एक आक्षेप असा निघतो कीं, परक्या स्वयंसेवकावर इतका खर्च करण्यापेक्षां त्याच पैशांत तेथलाच एखादा जाणता मनुष्य कां नेमूं नये? या आक्षेपांत तथ्य आहे, हें आम्ही प्रांजळपणें कबूल करतों. जेथें तसा मनुष्य मिळतो तेथें त्यालाच नेमावें. परंतु जेथें एखादें कसब मुळींच नाहीं तेथें तें बाहेरून यावें लागतें, आणि तेथें येणारा कसा असावा हें केइजी निशिओका यांच्या चरित्रावरून दिसतें. ते या दलाचे स्वयंसेवक नव्हते, जपानने पाठविलेले शेतकीतज्ज्ञ होते. १९६४ सालीं ते भूतानांत पारो येथें गेले तेव्हां त्यांच्या हाताखालीं तीन लहान मुलें देण्यांत आलीं व जमिनीचा एक छोटासा तुकडा मिळाला. त्यांनीं तक्रार केली नाहीं. त्या तुकड्यांत त्यांनीं भाजीपाला पिकविला आणि लोकांच्या डोळ्यांस दाखविला. पुढें दुर्गम भागांतही त्यांनीं मोठीं यंत्रें न आणतां गांवकऱ्यांस स्वतः सांभाळतां येतील असे लहान पाट व झुलते पूल यांवर भर दिला. १९८० सालीं भूतानच्या राजांनीं त्यांस 'दाशो' ही सन्मानाची पदवी दिली, आणि १९९२ सालीं त्यांचा अंत त्याच देशांत झाला. प्रयोग फसला असता तर तोटा त्या तुकड्यापुरताच झाला असता, कोणाच्या वर्षाच्या भाकरीवर तो आला नसता. स्वयंसेवकास शिकविण्याजोगा पहिला धडा हाच होय.

आपल्या महाराष्ट्रासही या बाबतींत दूर पाहण्याचें कारण नाहीं. सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस १९३८ सालीं भारतीय वैद्यकीय पथकांतून चीनला गेले. त्या पथकांत पांच डॉक्टर होते. युद्धाच्या त्या धामधुमींत त्यांस निवासी शिक्षण कोण देणार? परंतु त्यांनीं चिनी भाषा इतकी आत्मसात केली कीं, त्याच भाषेंत ते विद्यार्थ्यांस शिकवूं लागले. १९४१ सालीं तेथील बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे ते प्रमुख झाले, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजीं अवघ्या बत्तिसाव्या वर्षीं कामावर असतांनाच त्यांनीं देह ठेविला. असे पुरुष विरळा. सर्वच स्वयंसेवक कोटणीसांच्या योग्यतेचे निघतील असें धरून चालणें म्हणजे प्रत्येक वर्षीं सोळा आणे पाऊस पडेल असें धरून पेरणें होय. सामान्य मनुष्याच्या हातूनही चांगलें काम व्हावें, यासाठींच शिक्षणाची व्यवस्था असते.

अशा तयारीचा लाभ परत येणाऱ्याच्या देशासही होतो. २०२० च्या मार्चांत जगभर साथ पसरली तेव्हां जपानी दलाचे स्वयंसेवक ठिकठिकाणांहून स्वदेशीं परत बोलाविले गेले. त्याच वेळीं गुन्मा प्रांतांतील त्सुमागोई या कोबीसाठीं प्रसिद्ध असलेल्या गांवीं परदेशचे मजूर येऊं न शकल्यामुळें माणसांची टंचाई पडली, आणि परत आलेल्या स्वयंसेवकांपैकीं कांहीं जण तेथें कोबीच्या शेतांत राबले. दुसऱ्याच्या बांधावर वांकावयास शिकलेल्या माणसास आपल्या बांधावर वांकण्याची लाज वाटत नाहीं.

आतां आमच्या तरुणांस व त्यांस पाठविणाऱ्या संस्थांस आमच्या तीन सूचना आहेत. पहिली, निघण्यापूर्वीं निदान दोन महिन्यांचा निवास सक्तीचा असावा व त्यांत भाषेस पहिलें स्थान असावें. दुसरी, पदवीधरानें एक संपूर्ण हंगाम आपल्या मुलखाबाहेरच्या शेतकऱ्याच्या घरीं काढावा. कोंकणच्या मुलानें मराठवाड्यांतील कोरडवाहू ज्वारी पेरून, राखून, खळ्यावर आणून पाहावी. देशावरच्या मुलानें आवणांत कमरेइतकें वांकून भाताची लावणी करावी. ज्यास शंभर कोसांवरचा आपलाच शेतकरी समजला नाहीं, त्यास समुद्रापलीकडचा काय समजणार? तिसरी, शिक्षणाचा शेवटचा भाग ज्या देशीं जावयाचें तेथील शेतकरी कुटुंबांतच व्हावा, आणि तो मनुष्य कामास योग्य आहे कीं नाहीं, हें त्या कुटुंबासही विचारावें.

यांतली दुसरी सूचना अंमलांत आणणें सर्वस्वीं आपल्याच हातीं आहे. तिला सरकारी हुकूम नको कीं मोठा निधि नको. मंडळाच्या ज्या सभासदांच्या घरीं एका मुलास हंगामभर ठेवण्याइतकी ओसरी आणि दोन वेळची भाकरी आहे, त्यांनीं तसें मंडळास कळवावें, अशी आमची विनंति आहे. त्या मुलाकडून काम चोख घ्यावें, चुकल्यास सांगावें, आणि निघतांना त्यास एवढेंच विचारावें : "बाबा, तूं येथें काय शिकवलेंस तें राहूं दे, काय शिकलास तें सांग." ज्यास या प्रश्नाचें उत्तर देतां येईल, त्यास खुशाल परदेशीं पाठवावें.