धरमतरचा गाळ तपासा

नागोठण्याकडून येणारी अंबा नदी धरमतरच्या खाडीस मिळते. भरतीबरोबर पिशव्या, नळ्यांचे तुकडे खाजणात शिरतात. ते कुजत नाहीत, झिजतात. पीव्हीसी मऊ करण्यासाठी मिसळलेली थॅलेट रसायने त्यात घट्ट बांधलेली नसतात, हळूहळू बाहेर पडतात.

गर्भ आठ ते चौदा आठवड्यांचा असताना मुलग्याच्या वृषणांत तयार होणारे संप्रेरक त्याच्या जननेंद्रियांची घडण ठरविते. थॅलेटमुळे ते घटते, हे उंदरांवरील प्रयोगांत दिसले. २००५ साली अमेरिकेत शॅना स्वॉन यांनी गर्भवतींच्या लघवीतील थॅलेटचा आणि त्यांच्या मुलग्यांच्या या वाढीचा संबंध नोंदविला. त्याच वर्षी युरोपने खेळण्यांतील काही थॅलेटवर कायमची बंदी घातली. भारतात खेळण्यांची मानके २०२१ पासून सक्तीची झाली. खाडीची मासळी खाणाऱ्या कोळणीच्या पोटातील मुलाला मात्र कोणते मानक?

गर्भवतीने प्लास्टिक टाळावे, हा उपदेश सोपा आहे, फुकटही आहे. पण तेल-दूध पिशवीतूनच मिळते, तेथे तिने काय टाळावे? सांडपाण्याची आम्लता मोजून हा प्रश्न सुटत नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळाने गाळ व मासळीतील थॅलेट मोजावे, आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावेत आणि खर्च प्लास्टिक उत्पादकांकडून वसूल करावा.