दुःख तिचं, वही कुणाची?

मैत्रिणींनो, दर ६ ऑगस्टला आपण मेणबत्त्या लावतो, मृतांचा आकडा सांगतो आणि घरी जातो. जगलेल्या बायकांचं पुढे काय झालं, हे भाषणांत येत नाही. ते जपानी कथा-कादंबऱ्यांत आहे. पण तिथंही सांगतंय कोण, हे विचारलंच पाहिजे.

मासुजी इबुसे यांची ‘काळा पाऊस’ ही १९६०च्या दशकातली गाजलेली कादंबरी. यासुको या तरुणीला किरणोत्सर्गाची बाधा झाल्याची कुजबुज आहे, म्हणून तिचं लग्न जमत नाही. ती निरोगी आहे हे पटवण्यासाठी तिचा पालक तिची डायरी उतरवून काढतो. क्षय, कोड, फिट लपवून मुली उजवणाऱ्या आपल्या समाजाला हे समजायला दुभाषा नको. इबुसेंनी हा जाच नेमका पकडला, हे मान्य. पण स्फोटाच्या वेळी ते हिरोशिमात नव्हते. त्यांनी इतरांच्या डायऱ्यांवरून लिहिलं. माझं भांडण आहे ते याच कादंबरीला शेवटचा शब्द मानणाऱ्यांशी.

योको ओता हिरोशिमात होत्या. त्यांचं ‘प्रेतांचं शहर’ १९४८ साली काटछाट होऊन निघालं, पूर्ण छापलं गेलं १९५० मध्ये. क्योको हायाशी चौदा वर्षांच्या असताना नागासाकीच्या शस्त्रास्त्र कारखान्यात कामाला जुंपल्या गेल्या होत्या. तिथून वाचलेल्या या मुलीला १९७५ साली अकुतागावा पुरस्कार मिळाला. आपल्या रक्तातलं विष मुलात उतरेल का, ही आईची धास्ती त्यांनी लिहिली. तरी या बायकांना ऐकावं लागलं: एकच विषय किती उगाळणार? यात साहित्य कुठं आहे?

हा सूर आपल्या ओळखीचा आहे. याच सोलापूर जिल्ह्यातल्या शिक्षिका शांताबाई कांबळे यांनी ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ लिहिली. दलित आत्मकथनांनाही ‘हे साहित्य नव्हे, नुसती हकीकत’ असं म्हणणारे होतेच. ज्याला भोगावं लागलं नाही त्याचं लिहिणं कला, आणि जिनं भोगलं तिचं लिहिणं रडगाणं! हा न्याय कुणाचा?

मे १९९८ मध्ये पोखरणच्या स्फोटांनंतर पेढे वाटले गेले. ‘आम्ही बांगड्या भरलेल्या नाहीत’ ही भाषा आपण तेव्हाही ऐकली, आजही ऐकतो. बाँब म्हणजे मर्दानगी आणि बांगडी म्हणजे भ्याडपणा! पण बाँब पडल्यावर जखमा धुणाऱ्या, आजारी पोर कुशीत घेऊन रात्र काढणाऱ्या हातांत बांगड्याच होत्या की नव्हत्या, याचा हिशेब त्या भाषेत नाही.

म्हणून येत्या ६ ऑगस्टला भाषणं कमी करू या. विडी कामगारांच्या वस्तीत बसून ओता आणि हायाशी यांच्या गोष्टी मराठीत, तेलुगूत, कानडीत सांगू या. मग तिथल्या बायकांना बोलू द्या, आणि वही त्यांच्याच हातात असू द्या.