गोळीआधी रक्ताची तपासणी हवी

मूल होत नाही म्हणून दवाखान्यात आलेल्या स्त्रीची सोनोग्राफी होते, हार्मोन्स पाहिले जातात आणि पाळीच्या सुरुवातीला पाच दिवसांची, स्त्रीबीज वाढवणारी गोळी सुरू होते. त्याआधी तिच्या रक्तातली साखर आणि ट्रायग्लिसराइड्स ही चरबी तपासलीच पाहिजे, असे माझे म्हणणे आहे. क्लोमिफेन या जुन्या औषधाच्या माहितीपत्रकातच ट्रायग्लिसराइड्स वाढल्याच्या आणि स्वादुपिंडाला सूज आल्याच्या घटनांची नोंद आहे. रक्तात आधीच चरबी जास्त असेल, घराण्यात तो दोष असेल किंवा मात्रा वाढवली, तर हा धोका वाढतो. शिवाय ही गोळी घेणाऱ्या कितीतरी जणींना पीसीओएस हा अंडाशयाचा विकार असतो. त्यात शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही आणि गरोदरपणात हा ताण आणखी वाढतो. बाळाचे हृदय आणि पाठीचा कणा पहिल्या काही आठवड्यांतच घडतात, तर मधुमेहाची तपासणी बहुधा त्यानंतरच होते. लपलेला मधुमेह तोवर आपले काम करून गेलेला असतो. म्हणूनच २०२३च्या आंतरराष्ट्रीय पीसीओएस मार्गदर्शक सूचना उपचार घेतानाच ग्लुकोज चाचणीचा विचार करायला सांगतात.

कोणी म्हणेल, पाच दिवसांच्या गोळीचा एवढा बाऊ कशाला? स्वादुपिंडाला सूज येणे विरळाच, हे खरे. औषध टाळावे असेही नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या, पीसीओएस असलेल्या ७५० स्त्रियांवरील अमेरिकी चाचणीत लेट्रोझोल ही दुसरी गोळी घेणाऱ्या २७.५ टक्के, तर क्लोमिफेन घेणाऱ्या १९.१ टक्के जणींना मूल झाले. गोळी गुणकारी आहे म्हणूनच ती डोळसपणे द्यावी. तपासणीत वेळ जातो आणि वय थांबत नाही, ही दुसरी हरकत. पण उपाशीपोटी रक्त द्यायचे, ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात ढवळून प्यायचे आणि दोन तासांनी पुन्हा रक्त द्यायचे, एवढेच असते. वर्षानुवर्षे वाट पाहिलेल्या जोडप्याला एक सकाळ जड नाही. आधीच खचलेल्या बाईला घाबरवू नये, ही तिसरी हरकत मला सर्वांत गंभीर वाटते. ‘वजन कमी कर’ एवढे ऐकवून तिच्यावरच दोष टाकणारे डॉक्टर तिला खचवतात. आकडा नीट समजावून सांगणारे बळ देतात.

भारतातला सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञानाविषयीचा २०२१चा कायदा टेस्ट ट्यूब बेबी केंद्रांना दुष्परिणाम सांगायला बांधून ठेवतो. नुसती गोळी लिहून देणारा दवाखाना त्या चौकटीत येत नाही, आणि पुष्कळ जणींचा उपचार तिथेच सुरू होतो. तेव्हा गोळीचे नाव लिहिण्याआधी त्याच कागदावर साखरेचा आणि ट्रायग्लिसराइड्सचा आकडा लिहिलेला असावा, एवढे तरी प्रत्येक स्त्रीने मागावे.