थांबणाऱ्याची वेळ

गेल्या महिन्यात वसतिगृहात रात्री बारापर्यंत आमचा एक वाद रंगला. विषय म्हटला तर आमच्यापासून हजारो मैल दूरचा. मोरोक्कोमध्ये सहाराच्या वाळवंटात ‘माराथाँ दे साब्ल’ नावाची शर्यत होते. इंग्लंडचे प्रसिद्ध साहसवीर रॅनल्फ फाइन्स यांनी २०१५ साली, वयाच्या ७१ व्या वर्षी, ती पूर्ण केली. त्यांच्या सोबतीला रोरी कोलमन हा त्यांचा प्रशिक्षक होता. ही शर्यत त्याने आधी अनेकदा पुरी केलेली होती. ते वाचून आमचा एक खोलीमित्र म्हणाला, “म्हाताऱ्याचे नाव झाले. पण त्या कोलमनला काय मिळाले? एकटा गेला असता तर कितीतरी आधी पोचला असता!”

त्याचे हे म्हणणे मला पटले नाही. का पटले नाही, ते त्या रात्री मला नीट सांगता आले नाही, म्हणून हा लेख.

आधी शर्यतीविषयी. पात्रिक बोए या फ्रेंच माणसाने १९८४ साली सहारातून सुमारे ३५० किलोमीटरची पायपीट केली आणि १९८६ मध्ये ही शर्यत सुरू केली. पहिल्या वर्षी २३ जण होते. आता हजारावर असतात. सुमारे २५० किलोमीटर अंतर काही दिवसांत टप्प्याटप्प्याने तोडायचे. खाणेपिणे, अंथरूण, सारे स्वतःच्या पाठीवर. पाणी तेवढे संयोजक देतात. सर्वांत मागून दोन उंट चालतात. उंट पुढे गेले की तुम्ही बाद!

खरे सांगायचे तर प्रथम मला हा शुद्ध वेडेपणा वाटला. लाखो रुपये प्रवेश फी भरून उन्हात होरपळायला जायचे! माझी आई उन्हाळ्यात दोन हंडे घेऊन दिवसातून चार खेपा करी, तिला कोणी पदक दिले नाही. पण पुढे अहान्सल बंधूंविषयी वाचले. हे दोघे त्याच वाळवंटाच्या कुशीत वाढलेले. थोरल्या लाहसेनने ही शर्यत दहा वेळा जिंकली, धाकट्या मोहमदने पाच वेळा. तेव्हा ही शर्यत केवळ श्रीमंतांची चैन आहे, हे माझे मत मी मागे घेतले. (आईच्या पदकाचे म्हणणे मात्र कायम आहे.)

आता मूळ मुद्दा. दुसऱ्याच्या चालीने चालणे सोपे असते असा आपला समज आहे. कोणीही लहान भावाला घेऊन शेतावर जाऊन पाहावे. आपली चाल मोडते, पाय भरून येतात, आणि मनात सारखे येते की आपण एव्हाना पोचलो असतो. वाळवंटात तर जितका वेळ अधिक, तितके ऊन अधिक. निकालाच्या तक्त्यात यातले काहीच येत नाही. तेथे थांबणाऱ्याची वेळ आणि दमलेल्याची वेळ एकाच मापाने लिहितात. म्हणून कोलमनला काय मिळाले, हे त्या तक्त्यात पाहून समजणार नाही.

याच शर्यतीत १९९४ साली मौरो प्रोस्पेरी नावाचा इटालियन धावपटू वाळूच्या वादळात सापडला. थांबायचे सोडून तो एकटाच चालत राहिला आणि रस्ता चुकला. वटवाघळांचे रक्त पिऊन तो जगला आणि नऊ-दहा दिवसांनी थेट अल्जीरियात सापडला. शेजारी कोणी असते तर “अरे, थांब” एवढे तरी म्हणाले असते.

खोलीमित्राचा एक प्रश्न मात्र खरोखर अवघड होता. “मागचा इतका मागे पडला की उंट दोघांनाही गाठणार, मग काय करायचे?” माझे उत्तर असे की, तेव्हा पुढच्याने जावे, पण “तू जा” हे शब्द मागच्याच्या तोंडून यावेत.

हे मी इतक्या हट्टाने का म्हणतो? माझ्या गावचा माझा मित्र आणि मी एकाच एस.टी.ने या महाविद्यालयात आलो. पहिल्या वर्षी तो इंग्रजीत आणि आणखी एका विषयात राहिला. एटीकेटीचा फॉर्म भरायच्या वेळी मी म्हणालो, “तू ये मागून, मी पुढे होतो.” माझ्या डोक्यात तेव्हा माझ्या टक्क्यांचा हिशेब होता. त्याने फॉर्म भरला नाही. आता तो ट्रॉलीवर ऊस भरतो.

दिवाळीत भेटला तेव्हा त्याने तक्रार केली नाही. एवढेच विचारले, “इंग्रजीची वही टाकलीस की आहे अजून?”

वही आहे. फॉर्मची मुदत संपायला अकरा दिवस आहेत. शनिवारच्या एस.टी.ने मी गावी चाललो आहे.