तळावरची वीज आणि शेजाऱ्याचा वाटा

‘हूक-अप’ हा शब्द कानी पडला की मराठी माणसाला प्रथम आठवतो तो ‘आकडा’. रात्रीच्या अंधारात खांबावरच्या तारेवर टाकलेला आणि वीजमंडळाच्या माणसाची चाहूल लागताच ओढून घेतलेला! ब्रिटनमधील कॅराव्हॅन तळांवरचा हूक-अप मात्र असा चोरटा नसतो. ती पैसे मोजून घेतलेली रीतसर जोडणी असते. परंतु या रीतसर जोडणीकडेही अलीकडे आकड्याकडे पाहावे तशा संशयाने पाहिले जाऊ लागले आहे. त्याला कारण झाली आहे विजेवर चालणारी मोटार.

इंग्रज माणसाचे कॅराव्हॅनवरील प्रेम जुने आहे. राजेशाही नौदलातील निवृत्त शल्यचिकित्सक आणि मुलांसाठी साहसकथा लिहिणारे लेखक गॉर्डन स्टेबल्स यांनी १८८५ मध्ये ‘द वाँडरर’ नावाचे चाकांवरचे घर बांधवून घेतले आणि दोन घोडे जुंपून ते देश पाहायला निघाले. हौसेखातर बांधलेली पहिली कॅराव्हॅन म्हणून तिचा उल्लेख होतो. पुढे १९०१ मध्ये तंबूत राहणाऱ्या हौशी प्रवाशांची आणि १९०७ मध्ये कॅराव्हॅनधारकांची संघटना स्थापन झाली; दोन्ही आजही कार्यरत आहेत. घोड्यांच्या जागी मोटार आली, पण मध्यमवर्गीय कुटुंबाने आपले छोटे घर मोटारीमागे जोडून कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर किंवा लेक डिस्ट्रिक्टच्या डोंगरांत आठवडाभर मुक्काम ठोकण्याची प्रथा टिकून राहिली. हॉटेलचा खर्च न परवडणाऱ्या कुटुंबांना या प्रथेने सुटीचा आनंद मिळवून दिला, हे विसरून चालणार नाही.

या तळांवर प्रत्येक मुक्कामाच्या जागेजवळ एक बुटका वीजखांब असतो. त्यावर निळ्या रंगाचे, साधारणतः सोळा अँपिअर क्षमतेचे सॉकेट. तेथून पंचवीस मीटर लांबीची केबल कॅराव्हॅनपर्यंत न्यायची, की दिवा, शीतपेटी, लहानशी किटली आणि थंडीत हीटर असा संसार सुरू होतो. विजेचे पैसे बहुतेक ठिकाणी मुक्कामाच्या भाड्यातच धरलेले असतात. कोणी किती वीज वापरली याचा हिशेब कोणी ठेवत नाही.

ही व्यवस्था उभी आहे ती एका गृहीतावर. शंभर जागांच्या तळावर सगळ्यांनी एकाच वेळी सोळा-सोळा अँपिअर ओढले, तर २३० व्होल्टच्या हिशेबाने मागणी ३६८ किलोवॅटवर जाईल. एवढ्या क्षमतेची जोडणी सहसा कोणी घेत नाही. घेण्याची गरजही नसे. एकाची किटली चालू असते तेव्हा दुसरा फिरायला गेलेला असतो, तिसरा झोपलेला. हे ध्यानात घेऊनच अभियंते केबलची जाडी आणि रोहित्राची क्षमता ठरवतात. आपल्याकडच्या जुन्या वाड्यातल्या सामाईक नळासारखेच हे. सगळे एकदम बादली घेऊन आले नाहीत तर पाणी सगळ्यांना पुरते.

विजेची मोटार नेमके हे गृहीतच मोडते. शीतपेटीला शे-दीडशे वॅट पुरतात आणि किटली चार मिनिटांत बंद होते. मोटार मात्र साध्या घरगुती प्लगच्या केबलवरही दहा अँपिअर, म्हणजे २.३ किलोवॅट, रात्रभर अखंड ओढत राहते. दहा तासांत तेवीस युनिट! साठ युनिटची रिकामी बॅटरी पूर्ण भरायची तर सव्वीस तास लागतील. शेजारच्या चार कुटुंबांनी हीच युक्ती केली आणि त्याच रात्री थंडी वाढून सर्वांचे हीटर सुरू झाले, की संपूर्ण रांगेची वीज जाते. मग रात्री दोन वाजता तळाच्या रखवालदाराला उठवायला कोणी जायचे, यावर शेजाऱ्याशेजाऱ्यांत बोलाचाली होते.

मोटारधारकाची अडचणही खोटी नाही. कॅराव्हॅन ओढताना विजेच्या मोटारीचा पल्ला साधारण निम्म्यावर येतो. महामार्गावरची बहुतेक चार्जिंग स्थानके एकट्या मोटारीसाठी आखलेली आहेत. तेथे थांबायचे तर आधी कॅराव्हॅन सोडवून कोठेतरी बाजूला लावावी लागते. मुलाबाळांना घेऊन शुक्रवारी संध्याकाळी निघालेला गृहस्थ हे सव्यापसव्य करून तळावर पोहोचतो, तेव्हा बॅटरी तळाला गेलेली असते आणि हाताशी निळे सॉकेट असते. त्याने ते वापरले तर त्याला एकदम चोर ठरवणे अन्याय्य होईल.

पण हिशेब तर करावाच लागेल. ब्रिटनमध्ये २०२४ च्या अखेरच्या तिमाहीत घरगुती विजेचा नियंत्रित दर युनिटला सुमारे साडेचोवीस पेन्स होता. तो धरला तरी साठ युनिटचे पावणेपंधरा पौंड होतात. शिवाय २०२२ मध्ये युक्रेन युद्धानंतर विजेचे भाव भडकले, तेव्हा व्यावसायिक ग्राहकांना घरगुती दरमर्यादेचे संरक्षण नव्हते. भाड्यात अंदाजाने धरलेली वीज एकाने मोटारीत भरून नेली की तळमालक पुढच्या हंगामात सर्वांचेच भाडे वाढवणार. म्हणजे जुन्या पेट्रोल मोटारीतून येणारे निवृत्तिवेतनधारक जोडपे नव्या कोऱ्या विजेच्या मोटारीचे इंधन भरणार! पर्यावरणाच्या पुण्यकर्माचा खर्च असा दुसऱ्याच्या खिशातून जावा, हे कोणत्या न्यायात बसते?

याहून गंभीर प्रश्न सुरक्षिततेचा आहे. ब्रिटनमधील पुष्कळ घरांना होणाऱ्या वीजपुरवठ्यात न्यूट्रल आणि अर्थिंग या दोहोंचे काम एकच तार करते. ही तार रस्त्यात कोठे तुटली, तर तिला जोडलेल्या धातूच्या वस्तूंवर धोकादायक दाब येऊ शकतो. घरात सर्व धातू एकमेकांशी जोडलेले असल्याने धोका मर्यादित राहतो. पण ओल्या गवतावर उभ्या असलेल्या माणसाने कॅराव्हॅनच्या धातूच्या दाराला हात लावला तर? म्हणूनच २००२ च्या नियमांनी अशी एकत्रित तार कॅराव्हॅनच्या धातूकामाला जोडण्यास मनाई केली आणि तळांवर जमिनीत स्वतंत्र इलेक्ट्रोड पुरून अर्थिंग करण्याची पद्धत रूढ झाली. मोटारही बाहेर ओल्यातच उभी असते, तिलाही हाच नियम लावायला हवा. प्रत्यक्षात कोणी कार्यालयाच्या खिडकीतून वायर ओढतो, कोणी कॅराव्हॅनच्या आतल्या प्लगमधूनच मोटारीला वीज देतो. गुंडाळीत तशीच ठेवलेली केबल तासन्‌तासाच्या भाराने तापून वितळू शकते. आणखी एक बारकावा सामान्य माणसाच्या ध्यानात येत नाही. गळती ओळखून प्रवाह तोडणारी जुन्या धाटणीची उपकरणे प्रत्यावर्ती प्रवाहासाठी बनवलेली आहेत. मोटारीच्या चार्जरमधून एकदिश प्रवाहाची गळती झाली तर ही उपकरणे आंधळी होऊ शकतात. मग त्याच उपकरणाच्या भरवशावर असलेल्या साऱ्यांचेच संरक्षण जाते.

यावर अनेक तळांनी शोधलेला उपाय म्हणजे फलक: ‘येथे मोटारी चार्ज करू नयेत’. काही ठिकाणी वेगळे शुल्क घेऊन परवानगी मिळते. पहिला उपाय सोपा आहे आणि तात्पुरता. ब्रिटिश शासनाने जानेवारी २०२४ पासून मोटार उत्पादकांवर शून्य-उत्सर्जन वाहनांचे बंधन घातले. त्या वर्षी नव्या मोटारींपैकी बावीस टक्के, २०३० पर्यंत ऐंशी टक्के. २०२४ मध्ये नोंद झालेल्या नव्या मोटारींत विजेच्या मोटारी १९.६ टक्के होत्या. दर पाचात एक ग्राहक ज्या वाहनाचा, त्याला फलक दाखवून किती काळ परत पाठवणार? मनाई केली की रात्री अंधारात वायर ओढली जाते. म्हणजे पुन्हा आकडाच!

तळमालकांची एक सबब अशी, की वीज विकून खर्च वसूल करता येत नाही. घरगुती वापरासाठी वीज पुन्हा विकणाऱ्याने खरेदीदराहून अधिक आकारू नये, हा नियम तेथे आहे हे खरे. पण वाहनांच्या चार्जिंगला ऑफजेम या नियामकाने २०१४ मध्येच त्यातून वगळले. तेव्हा तळाच्या प्रवेशद्वाराशी चार-सहा स्वतंत्र चार्जर, प्रत्येकाला मीटर, स्वतंत्र अर्थिंग, आणि सगळ्या तळाची मागणी वाढली की मोटारींचा प्रवाह आपोआप कमी करणारी यंत्रणा, एवढे करण्यात कायद्याची आडकाठी नाही. खर्च आहे, आणि आडगावच्या तळाला जोडणी वाढवून घ्यायची तर तो मोठा आहे. मोटार कारखान्यांना टक्केवारी ठरवून देणाऱ्या शासनाने खेड्यातल्या केबलचा विचार त्याच तडफेने करायला हवा होता. तोवर ज्याची मोटार त्याने मीटरप्रमाणे पैसे भरावेत, आणि ज्या तळावर मीटर नाही तेथे आधी विचारावे. विचारण्यात कमीपणा कसला?

महाराष्ट्रालाही या वादाकडे ‘साहेबाची चैन’ म्हणून पाहता येणार नाही. राज्य शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण मंजूर केले, त्यात कॅराव्हॅन उद्यानांची कल्पना आहे. आणि त्याच वर्षी विद्युत वाहन धोरणही जाहीर झाले. ही दोन धोरणे एकाच तळावर भेटणार आहेत. पुण्या-मुंबईच्या गृहनिर्माण संस्थांत तर ती भेट घडूनही गेली. वाहनतळावरच्या सामाईक मीटरवर कोणाची मोटार लागते, यावर सर्वसाधारण सभा रंगतात. कोकणात वा सह्याद्रीच्या पायथ्याशी कॅराव्हॅन उद्यानासाठी चर खणले जातील, तेव्हा त्यात मोटारींच्या भाराची वेगळी केबल आणि वेगळ्या मीटरची जागा सुरुवातीलाच ठेवता येईल. पावसाळ्यात आपल्याकडची जमीन इंग्लंडच्या गवताहून कितीतरी अधिक ओली असते, हेही आराखडा काढणाऱ्याने ध्यानात ठेवावे.