पळसाला पानें तीनच कां?

पनवेलच्या एका वाचक भगिनींनीं आम्हांस लिहिलें आहे कीं, मेथी निवडतांना त्यांचा धाकटा मुलगा रोज विचारतो, "प्रत्येक देंठाला पानें तीनच कां? दोन कां नाहींत, चार कां नाहींत?" त्यास काय सांगावें, अशी त्यांची पृच्छा आहे. ज्या गांवाच्या नांवांत पान आणि वेल दोन्ही ऐकूं येतात तेथूनच हा प्रश्न यावा हें उचितच झालें. (नांवाची ती व्युत्पत्ति खरी कीं कसें, हा वाद आम्ही पंडितांवर सोंपवितों.)

'कोठेंही गेलें तरी पळसाला पानें तीनच' ही म्हण आपण निरुपायाच्या सुरांत वापरतों. तींतील नवल मात्र कोणी विचारांत घेत नाहीं. कर्नाळ्याच्या पायथ्याचा पळस आणि चांद्याच्या रानांतील पळस यांची कधीं गांठ पडलेली नाहीं. ऊन निराळें, पाऊस निराळा, माती निराळी. मग तिनाचा हिशेब दोघांस कोणी शिकविला?

प्रथम एक दुरुस्ती. तीं तीन पानें नव्हेतच. तें एकच पान, तीन दळांचें. खूण अशी कीं, पानाचा देंठ जेथें फांदीला जुळतो तेथें बगलेंत एक बारीक डोळा असतो. सुट्या दळाच्या बगलेंत तो कधींच नसतो. मुलास हें प्रत्यक्ष दाखवावें. मेथीपेक्षां पळसावर अथवा घेवड्यावर तें चांगलें दिसतें.

आतां मूळ प्रश्न. प्रत्येक कोंबाच्या टोकाशीं, टाचणीच्या डोक्याहूनही कितीतरी लहान असा पेशींचा एक पुंजका असतो. तेथील पेशी नित्य बाल्यावस्थेंत राहतात, आणि त्याच्या कडेला एकामागून एक बारीक उंचवटे उठतात. तींच पुढें पानें होतात. ह्या पेशींना बाल्यांत ठेवणारें एक जनुक मक्यांत सांपडलें. मक्याच्या एका जातींत पानांच्या शिरांवर गांठी येत. ज्या जनुकाचें काम कोंबाच्या टोकाशीं तें चुकून पानांत जागें होतें, म्हणून त्या गांठी, असें सेरा हेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें. त्या चमूंत नीलिमा सिन्हा ह्या भारतीय वंशाच्या विदुषीही होत्या. पान व्हावयाचें तेथें हें जनुक निजतें. आंब्यासारख्या साध्या पानांत तें निजलेलेंच राहतें. टोमॅटोसारख्या अनेक दळांच्या पानांत तें पुनः कांहीं काळ जागें होतें, आणि तेवढ्या अवधींत पानाच्या कडेला नवे उंचवटे फुटतात. इस्रायलमधील शास्त्रज्ञांनीं १९९६ मध्यें मक्याचें हें जनुक टोमॅटोंत घालून त्यास सतत जागें ठेवलें. तेव्हां एकेका पानाचीं शेंकडों दळें झालीं!

मेथीच्या आणि वाटाण्याच्या शाखेनें मात्र दुसरीच रीत धरिली आहे. तेथें हें काम ज्या जनुकाकडे आहे तेंच पुढें फूल घडवितांनाही लागतें. मेथीची जवळची आप्त, आपल्या लसूणघासाची सख्खी बहीण म्हणावी अशी मेडिकॅगो ट्रंकॅट्युला नांवाची एक लहानशी वनस्पति आहे. तिलाही पानें तीन दळांचीं. तिच्यांत हें जनुक बिघडलें कीं तिनाचें एक दळ उरतें, हें २००८ मध्यें आढळलें. दोन वर्षांनीं त्याहून मौजेची गोष्ट उघडकीस आली. अमेरिकेंतील ओक्लाहोमा संस्थानांत काम करणाऱ्या संशोधकांना एक दुसरें जनुक सांपडलें. त्याचें काम पहिल्यास वेळेवर आवरण्याचें. हा पहारेकरी नाहींसा झाला कीं बाजूच्या दळांशीं आणखी दोन दळें फुटतात, आणि पान पांच दळांचें होतें.

तेव्हां मुलास सांगावें कीं, 'तीन' हा आंकडा बीजांत कोठेंही लिहिलेला नाहीं. एक जनुक 'वाढ' म्हणतें, दुसरें 'पुरे' म्हणतें. ह्या दोघांच्या ओढाताणींत जेवढीं दळें फुटण्यास अवसर मिळाला तेवढीं फुटलीं. पळस मेथीच्याच कुळांतला, पण घेवड्याच्या शाखेचा, आणि त्या शाखेंत टोमॅटोची जुनी रीत चालू दिसते. बेल तर निराळ्याच कुळांतला, लिंबाचा भाऊबंद. तिघांचीं दळें तीन, पण ती वाट प्रत्येकानें आपापली काढली आहे.

येथें एक शंका आम्हांस आधींच दिसते. आपल्या घरांतून 'हें त्याच्या रक्तांतच आहे' हें वाक्य फार सहज उच्चारलें जातें, आणि जनुकांची ही कथा ऐकून त्यास शास्त्राचा आधार मिळाला असें कोणी म्हणेल. त्यांनीं कोंकणांतील फणसाचें रोप पाहावें. कोंवळ्या रोपाचीं पानें कातरलेलीं, मोठ्या झाडाचीं अखंड. शास्त्रांत फणसाचें नांवच मुळीं 'निरनिराळ्या पानांचा' अशा अर्थाचें आहे. रस्त्याच्या कडेला लाविलेल्या ऑस्ट्रेलियन बाभळीचें रोप तर आधीं पिसासारखें बारीक दळांचें पान काढतें आणि थोड्याच दिवसांत तें सोडून विळ्याच्या आकाराचीं पानें धरतें. जनुकें पहिल्या दिवशीं होतीं तींच. बदललें तें वय. एक लहानसा रेणु रोपाच्या बाल्यांत भरपूर असतो व वयाबरोबर ओसरतो, आणि तो ओसरला म्हणजे प्रौढ पानांचीं जनुकें मोकळीं होतात, असें अमेरिकेंतील संशोधकांनीं २०११ मध्यें बाभळींच्या कांहीं जातींत व इतर वृक्षांत दाखविलें. बीज तेंच राहून वर्तन बदलतें, हें रक्ताचा अभिमान बाळगणाऱ्यांनीं लक्षांत घ्यावें.

हें सारें मेथीच्या जुडीपुरतें असतें तर आम्हीं एवढी शाई खर्चिली नसती. पनवेलच्या शेतकऱ्याचें पोट मेथीच्या नव्हे, भाताच्या पानावर अवलंबून आलें आहे. भाताचें पान देंठास जेथें जुळतें तेथें एक सांधा असतो; त्याशीं पातळ जीभ आणि दोन केसाळ कान. सांधा घडविणारें जनुक बिघडलें तर जीभ, कान, सांधा तिन्ही नाहींसे होऊन पान सुळक्यासारखें उभें राहतें. सांधा किती वांकावा हें एका वनस्पति-रसावर ठरतें. तो रस थोडा कमी झालेल्या भाताचीं पानें उभीं राहतात, आणि दाट लावणींत त्याचें उत्पन्न वाढतें, असें जपानांत २००६ मध्यें दिसून आलें. कारण साधें आहे. लोंबतें पान खालच्या पानांवर सावली धरतें. उभें पान ऊन खालपर्यंत जाऊं देतें.

फिलिपाइन्समधून १९६६ मध्यें आलेल्या आयआर-८ ह्या भाताची कीर्ति आंखूड काडी आणि उभीं पानें ह्यांवरच उभी होती. त्याच्या ठेंगणेपणाचें जनुक २००२ मध्यें ओळखलें गेलें. पण समुद्राच्या भरतीचें पाणी जेथें बांधाला झोंबतें आणि उघाडीतून झिरपतें, त्या खारजमिनींत नुसती पानाची ठेवण काय कामाची? तेथें पिढ्यान् पिढ्या टिकला तो येथला तांबड्या दाण्याचा राता. पनवेलच्या खारभूमि संशोधन केंद्रानें आयआर-८ आणि 'भुरा राता ४-१०' ह्यांचा संकर करून 'पनवेल-१' हें वाण काढलें. एका बाजूनें खुजी, ताठ ठेवण. दुसऱ्या बाजूनें खारें पाणी सोसण्याची शक्ति.

त्यांतील पहिली बाजू आज जगांतील कोणत्याही भात-केंद्रांत मिळेल. दुसरी ह्याच किनाऱ्यावरील बांधांच्या आड घडली. १९७० मध्यें सिडकोची स्थापना झाल्यापासून पनवेल तालुक्यांतील भाताची पुष्कळशी जमीन वसाहती आणि रस्ते यांखालीं गेली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं ज्याचें उद्घाटन झालें तो विमानतळही ह्याच भूमीवर आहे. वसाहत नको असें आमचें म्हणणें नाहीं. आमच्या वाचकांपैकीं कित्येक कुटुंबें तेथेंच सुखानें राहत असतील. परंतु शेत गेलें कीं बियाणें पेरलें जात नाहीं, आणि भाताचें बीं कणगींत पडून राहिलें तर कांहीं वर्षांतच त्याची उगवणशक्ति जाते.

ज्या कुटुंबांची पनवेल, उरण, पेण ह्या बाजूस वडिलोपार्जित खारजमीन असेल, त्यांनीं आपल्या कुळांकडे अथवा वाटेकऱ्यांकडे चौकशी करावी, आणि कोणाजवळ रात्याचें पसाभर जरी बियाणें निघालें तरी तें येत्या मृगापूर्वीं संशोधन केंद्राकडे पोंचवावें.